ताप उतरला तरी जपा

धडधाकट माणसाचा फ्लूचा ताप आठवड्याभरात उतरतो आणि तो पुन्हा औत धरतो. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या माणसाचे तसे नसते. केमोथेरपीची औषधे रोगाबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी करतात. शरीराचे राखणदार त्याच. बहुतेक औषधांत डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत कमी असतात. राखण उठली की शेतात जनावर शिरायला कितीसा वेळ?

म्हणून घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने ताप झाकतो, आजार जात नाही. उपचार चालू असलेल्या रुग्णालयाला रात्रीही लगेच कळवा व शेवटचा डोस कधी झाला ते सांगा.

ताप गेल्यावरही खोकला, थकवा कित्येक आठवडे राहू शकतो. पुढचा डोस कधी, हे डॉक्टरच ठरवतील. तारीख आपल्या मनाने पुढे ढकलू नका. रोग्याला बुरशी आलेला कडबा, उकिरडा आणि मळणीची धूळ यांपासून दूर ठेवा. सर्दी-खोकल्याच्या पाहुण्याला ओसरीवरूनच निरोप द्या. सर्वांनी साबणाने हात धुवावेत. डॉक्टरांना विचारून घरच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

गारपिटीनंतर पिकाला फुटवा येतो, पण सवड द्यावी लागते. माणसालाही द्या. अंथरुणातून उठला म्हणून लगेच कामाला जुंपू नका.