तारे मोजू नका, युनिट मोजा

सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि लहान-मोठ्या पडद्यांमधला कराचा फरक संपला. भाव उतरला की गिऱ्हाईक एक माप वरचा टीव्ही उचलतं, त्यात वावगं काही नाही. पण दुकानात चर्चा रंगते ती एलईडी घ्यावा, क्यूएलईडी की ओएलईडी आणि कागदावर तारे किती, एवढीच. विजेचा खर्च मात्र ठरतो पडद्याच्या आकारावर, त्याच्या उजेडावर आणि टीव्हीखाली रात्रंदिवस जागणाऱ्या सेटटॉप बॉक्सवर. चंद्रपूरकरांनी तरी हा हिशेब डोळसपणे करायला हवा. येथील महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. एक युनिट वीज तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यामागे पावशेराच्या आसपास राख उरते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणाने तळ गाठला, तेव्हा हेच केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. मुंबई-पुण्याला युनिट बिलावर दिसतं. इथे ते हवेत आणि नदीतही दिसतं.

आधी प्रकारांचं पाहू. २१ इंची जुना डबा टीव्ही ७०-८० वॉट घ्यायचा. मधल्या काळात आलेला ४२ इंची प्लाझ्मा अडीचशे वॉटपर्यंत जायचा. आजचा ३२ इंची एलईडी ४० वॉटच्या आसपास भागवतो. प्रगती मोठी आहे, यात वाद नाही. पण ५५ इंची फोर-के टीव्ही १३० वॉटच्या घरात जातो. रोज पाच तास पाहिला, तर ३२ इंचीला वर्षाला ७३ युनिट लागतात आणि ५५ इंचीला सुमारे २३७. जुन्या डब्याचा हिशेब १३७ युनिटांचा होता. म्हणजे डबा काढून ५५ इंची आणणाऱ्या घरात वीज वाचत नाही, उलट शंभर युनिट जास्त जळते. एलईडी आणि क्यूएलईडी दोन्हींत पडद्यामागे दिवे असतात, त्यांचा उजेड पडदा ठिपक्या-ठिपक्याला अडवतो किंवा सोडतो; साध्या संचात काळोखाच्या प्रसंगातही दिवे पेटतेच राहतात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून अंधाऱ्या सिनेमात तो काटकसरी ठरतो आणि भर उन्हातल्या क्रिकेट सामन्यात खर्चिक. तेव्हा कुठलाही एक प्रकार सरसकट स्वस्त नाही.

मग तारे कशासाठी? ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे पडद्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने दिले जातात. मोठ्या टीव्हीची तुलना मोठ्याशी होते, लहानाची लहानाशी. त्यामुळे पाच ताऱ्यांचा ६५ इंची टीव्ही दोन ताऱ्यांच्या ३२ इंचीपेक्षा खुशाल जास्त वीज खाऊ शकतो. त्याच कागदावर वर्षाचे युनिटही छापलेले असतात, पण नजर जाते ताऱ्यांकडे. उजेडाचंही तसंच. युरोपीय संघाने मार्च २०२३ पासून फोर-के टीव्हींची विजेची मर्यादा कडक केली आणि एट-केंनाही ती लावली, तेव्हा काही कंपन्यांनी संच मंद उजेडावर लावून विकायला सुरुवात केली. उजेड वाढवायचा की नाही, ते घेणाऱ्याने ठरवायचं. आपल्याकडे दुकानातला भडक उजेड तसाच घरी येतो आणि कुणी तो उतरवत नाही.

तिसरा खर्च तर कुणाच्या गणतीतच नसतो. रिमोटने टीव्ही बंद केला तरी खालचा सेटटॉप बॉक्स बहुधा चालूच राहतो. त्याने १० वॉट घेतले, तरी चोवीस तासांचे वर्षाला ८८ युनिट होतात, म्हणजे ३२ इंची टीव्ही पाच तास पाहण्यापेक्षाही जास्त. त्यातले ६९ युनिट कुणीही काही पाहत नसतानाचे.

कुणी म्हणेल, ४५ अंशांच्या चंद्रपुरात कूलर आणि एसीपुढे टीव्ही किस झाड की पत्ती? खरं आहे, कूलर जास्त वीज ओढतो. पण तो उन्हाळ्यापुरता आणि त्याच्याशिवाय जगणं कठीण. टीव्ही बारा महिने चालतो आणि त्याची उधळपट्टी थांबवताना एकही मालिका बुडत नाही. शिवाय तो संध्याकाळी लागतो. तेव्हा सौरवीज नसते, बराचसा भार कोळशावर पडतो. खिशालाही फरक पडतो: महावितरणच्या घरगुती दरात महिन्याला शंभर युनिटांच्या पुढचं युनिट जवळजवळ दुप्पट भावाचं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या ज्या घरांत वीज येते-जाते, त्यांना काटकसर शिकवायची? मुळीच नाही. तिथे प्रश्न वेगळा आहे. सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणाऱ्या घरात ४० वॉटचा संच संध्याकाळभर चालतो, १३० वॉटचा तासाभरात बॅटरी बसवतो. काटकसरी यंत्राची गरज सगळ्यात जास्त गडचिरोलीलाच आहे, आणि ते बाजारात आणण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची नाही, कंपन्यांची आणि सरकारची आहे.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. टीव्हीच्या कागदावर वर्षाचे युनिट ताऱ्यांहून मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक करावं. आणि बंद केलेला सेटटॉप बॉक्स नाममात्रच वीज घेईल, अशी सक्ती कंपन्यांवर करावी. तोवर आपल्या हातात तीन कामं आहेत: दुकानदाराला वर्षाचे युनिट विचारा, घरी आल्यावर पडद्याचा उजेड उतरवा आणि झोपताना बोर्डावरचं बटण बंद करा.