मायकेल जॅक्सनच्या कातडीचा हिशेब कोणी मांडायचा?

मायकेल जॅक्सन हा आमचा आवडता गायक आहे. चळवळीच्या दैनिकात पॉप गायकाचे कौतुक कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्यांनी आधी हा माणूस कोठून आला ते पाहावे.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील गॅरी हे पोलाद कारखान्यांचे शहर. २९ ऑगस्ट १९५८ रोजी मायकेल तेथे जन्मला. बाप कारखान्यात क्रेन चालवी. घर लहान आणि भावंडे नऊ. वयाच्या अकराव्या वर्षी, १९६९ साली, भावांबरोबर गायलेल्या त्याच्या गाण्याने अमेरिका डोलू लागली. ते गाणे काढणारी 'मोटाऊन' कंपनीही बेरी गॉर्डी या काळ्या माणसानेच उभारलेली होती.

त्याची कला आम्हाला का भावते? 'बिली जीन' ऐका. आधी नुसता ढोल, मग बासचा ठेका आणि बऱ्याच वेळाने आवाज. ही सुरुवात फार लांबली, ती कापावी, असे निर्माते क्विन्सी जोन्स यांचे मत होते. तीच ऐकून आपल्याला नाचावेसे वाटते, म्हणून मायकेल अडून बसला आणि ती राहिली. पायांची चपळाई तो जेम्स ब्राऊनकडून शिकला. १९८३ साली दूरचित्रवाणीवर जग थक्क करणारी त्याची 'मूनवॉक'ची चालही काळ्या वस्त्यांतील पोरांच्या नाचातूनच आलेली. आकाशातून पडलेली प्रतिभा ही नव्हे. ही एका दडपलेल्या समाजाची कमाई आहे.

त्याच काळात एमटीव्ही वाहिनी काळ्या कलावंतांना जवळजवळ दारातच उभी करीत नव्हती. रिक जेम्स या गायकाने तशी जाहीर तक्रार केली होती. 'बिली जीन'साठी आपण वाहिनीवर दबाव आणला, असे रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाने पुढे सांगितले. वाहिनीने ते नाकारले. पण ते गाणे लागले आणि दार उघडले, हा इतिहास आहे. १९८२ चा 'थ्रिलर' जगात सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला आणि १९८४ साली मायकेलने एका रात्रीत ८ ग्रॅमी पुरस्कार नेले. १९८५ साली त्याने ४ कोटी ७५ लाख डॉलर मोजून बीटल्सच्या बहुसंख्य गाण्यांचे हक्क ठेवणारी कंपनीच विकत घेतली. काळ्याने गावे, नाचावे आणि मालकी गोऱ्याची असावी, हा रिवाज त्याने उलटा केला. ज्यांच्या कॅसेटी गावोगाव वाजल्या पण ज्यांच्या हाती काही आले नाही, त्या आमच्या गायकांच्या घरच्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता मुद्दा कातडीचा. 'तो गोरा व्हायला निघाला, जात विसरला,' असा टोमणा आमच्याही मंडळींत ऐकू येतो. फेब्रुवारी १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रे यांच्या मुलाखतीत आपल्याला त्वचेचा विकार आहे, असे त्याने सांगितले. लोक हसले. २५ जून २००९ रोजी तो वारला, तेव्हा शवविच्छेदन अहवालाने ते खरे ठरवले. तो विकार म्हणजे कोड! आमच्या वस्त्यांत कोड असलेल्या मुलीचे लग्न मोडते, पोराला शाळेत चिडवले जाते. रंगावरून माणूस जोखण्याविरुद्ध लढणाऱ्यांनीच डाग पाहून निवाडा द्यावा, हे कोणत्या समतेत बसते?

१ नोव्हेंबर १९९६ रोजी तो मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात गायला. पाश्चात्त्य संस्कृतीच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनीच तेव्हा पायघड्या घातल्या, युती सरकारने करमणूक कर माफ केला. त्याच वर्षी त्याच्या एका गाण्याची चित्रफीत आली होती. पोलिसी जुलूम आणि सत्तेची बेपर्वाई हा त्या गाण्याचा विषय. चित्रण ब्राझीलमधील रिओच्या झोपडपट्टीत आणि साल्वादोरच्या रस्त्यांवर झालेले. त्याला बोलावणाऱ्यांनी ते गाणे ऐकले होते काय? आठच महिन्यांनी, ११ जुलै १९९७ रोजी, याच युतीच्या राज्यात घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली.

मायकेलवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. २००५ साली ज्युरीने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले; २०१९ च्या एका माहितीपटात दोन पुरुषांनी आपल्या बालपणाबद्दल पुन्हा गंभीर आरोप केले. त्याच्या वारसदारांनी ते फेटाळले. आवडत्या गायकासाठी आम्ही त्या दोघांना खोटे ठरवणार नाही. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी आम्हाला बजावून ठेवला आहे. गाणे आवडणे म्हणजे गायकाची पूजा बांधणे नव्हे.

म्हणून आमच्या तरुणांना एवढेच सांगणे : मायकेल जरूर ऐका, नाचा. त्याची मेहनत घ्या, मालकीची जिद्द घ्या. प्रश्न विचारायचे असतील तर त्याच्या वागण्याबद्दल विचारा. कातडीबद्दल विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही.