थोरल्या भावाची वाट

ज्येष्ठातल्या एका सकाळी मी त्र्यंबकेश्वरहून नाशिककडे चालत निघालो. पुढे संत निवृत्तिनाथांची पालखी, तिच्यामागे दिंड्या आणि सर्वांत शेवटी, पिशवीत छत्री व रक्तदाबाच्या गोळ्या घेतलेला मी. तिथून पंढरपूर सुमारे साडेचारशे किलोमीटर. माझा बेत मात्र सातपूरपर्यंतच्या वीसेक किलोमीटरांचा. घरात त्याचीही यथेच्छ थट्टा झाली होती!

ब्रह्मगिरी मागे राहिला. त्याच्या माथ्यावर गोदावरीचा उगम आणि पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी. ज्ञानेश्वरांचे हे थोरले बंधू आणि गुरूही. पौष वद्य एकादशीला दिंड्या इथे येतात, ज्येष्ठात इथून पालखी निघते. म्हणजे या वाटेवर दरवर्षी दोनदा पायी चालणाऱ्यांची रीघ असते.

अंजनेरीच्या आसपास ऊन चढले. रस्त्याकडेला कुणी केळी वाटत होते, कुणी चहा, कुणी पाण्याच्या बाटल्या. माझ्या शेजारून डोईवर तुळस घेतलेल्या, साधारण माझ्याच वयाच्या एक बाई चालत होत्या. मी बाटली पुढे केली. त्यांनी नुसते ओठ ओले केले आणि ती परत दिली.

"माउली, पोटभर प्या की!" मी म्हणालो.

"पाणी देणारे लई हायेत माउली," त्या हसून म्हणाल्या, "पण पेलं की आडोसा शोधावा लागतो. तो कोन देतो?"

मी गप्प झालो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला जमाखर्चात नेमकी कोणती नोंद राहिली, हे लगेच कळते.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. 'निर्मल वारी'मुळे पालख्यांच्या मुक्कामी फिरती शौचालये दिसू लागली. २०२४ मध्ये आषाढी वारीच्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालखी महामार्गांची पायाभरणी २०२१ मध्ये झाली, तेव्हा पायी चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट ठेवण्याचे ठरले. धाकट्या भावाच्या वाटेचा विचार झाला, तसा थोरल्याच्याही व्हावा, एवढेच म्हणणे.

आणि त्याला मुहूर्तही आहे. २०२७ मध्ये कुशावर्तावर आणि नाशिकच्या रामकुंडावर सिंहस्थाची अमृतस्नाने आहेत. त्यासाठी मोठा खर्च व्हायचा, आणि तो व्हायलाच हवा. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले, ते विसरून चालणार नाही. पण बँकेत कर्ज देताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारत असू : हा पैसा संपल्यावर मागे काय उरणार? सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, वारकरी दरवर्षी येतो. मेळ्यापुरते उभारलेले मांडव मेळ्यानंतर उतरतात. त्याच पैशातून या रस्त्यावर दर दोन-तीन किलोमीटरला पक्की, पाण्याची सोय असलेली स्त्रियांची स्वच्छतागृहे झाली, ती राखायला गावाला वर्षाकाठी रक्कम मिळाली, तर ती पुढच्या सिंहस्थापर्यंत चोवीस वेळा कामी येतील. सावलीचेही तसेच. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्यावरून २०२५ मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे. उन्हात एक दिवस चाला, म्हणजे एका वडाची किंमत कळते.

महिरावणी मागे टाकून संध्याकाळी सातपूरला पोहोचलो. पायाला दोन फोड. मी घरच्यांना फोन करून आलेल्या बसमध्ये चढलो. त्या बाई दिंडीबरोबर मुक्कामाकडे वळल्या. त्यांचे तीन आठवड्यांहून अधिक चालणे बाकी होते. बसमध्ये पिशवी उघडली तर सकाळची ती बाटली जवळजवळ भरलेलीच होती.