गिटारीची मान

गेल्या गणपतीत आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले की, त्यांना इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. आमच्या घराण्यात आजवर वाजलेले एकमेव वाद्य म्हणजे आरतीची झांज. तेव्हा मी चपापलो. चिरंजीव मात्र तयारीने आले होते. सुटीत शिकवण्या करून जमवलेले ४,००० रुपये त्यांनी टेबलावर ठेवले. उरलेले ४,००० मी घालावेत, असा ठराव सौ. आणि चिरंजीव यांनी दोन विरुद्ध एक मतांनी संमत केला.

दुकानात गेलो. गिटार, लहानसा अ‍ॅम्प्लिफायर, पट्टा, पिशवी, सगळे एकाच खोक्यात, रंग लालचुटूक. मी भुललो. मुखपृष्ठावरून पुस्तक पारखू नये असे वर्गात वीस वर्षे सांगणारा मी! चिरंजीवांनी चार सूर छेडून गिटार खाली ठेवली. तारा पट्टीपासून इतक्या उंच होत्या की, दाबताना बोट कापावे. नवशिक्याला असली गिटार दिली, तर महिन्याभरात ती माळ्यावर जाते आणि दोष मात्र मुलाच्या चिकाटीला लागतो.

मग चिरंजीवांनी मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. चाकण; वापरलेली गिटार, सोबत छोटा अ‍ॅम्प्लिफायर; ८,००० रुपये. सहा हजारांत उरकू, असे मी मनाशी ठरवले आणि जुनी वस्तू पारखायला शेजारच्या काकांना बरोबर घेतले. काका पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. गिटारीला त्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता. "मोजता येतं ना? मग झालं," एवढेच म्हणाले आणि खिशात स्टीलची फूटपट्टी व फीलर गेज घातले.

काकांना नेणे वाटते तितके विचित्र नव्हते. १९५४ साली इकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्याच वर्षी तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांची 'स्ट्रॅटोकास्टर' गिटार बाजारात आली. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! त्यांनी गिटारीची मान धडाला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली. भाग बिघडला, की बदला. आज स्वस्तातल्या कितीतरी गिटारी याच घाटाच्या असतात. म्हणजे वाद्य खरे, पण जात्याच कारखान्यातले.

चाकणला मेदनकरवाडीत एका खोलीवर पोहोचलो. पंचविशीचा मुलगा. आत त्याचे दोन सोबती रात्रपाळी करून झोपलेले, म्हणून त्याने गिटार ओट्यावर आणली. काळी, कडेला रंग उडालेला. मी तो उडालेला रंग दोनदा बोलून दाखवला. काकांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी चिरंजीवांना एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायला लावली. फ्रेट म्हणजे सतारीचे पडदेच म्हणा. ताणलेली तार ही सरळ रेषा. मधल्या फ्रेटपाशी ती किती उंच राहते, त्यावरून मान वाकली आहे की नाही ते कळते. फीलर गेजचे पाते सरकवून काका म्हणाले, "दोन दशांश मिलिमीटर. फस्क्लास!"

माझे पाचशे तिथेच गेले.

मग नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजले: ३२४ मिलिमीटर. तिथून घोडीपर्यंत जरा जास्त. तेही बरोबर; तार दाबताना ताणली जाऊन सूर चढतो, त्याची ती भरपाई. चिरंजीवांनी बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून एक सूर काढला, मग दाबून दुसरा. दोन्ही जुळले. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्या होत्या. "वाजवलेली आहे," काका म्हणाले, जणू ते प्रशस्तिपत्रकच.

राहिली वीज. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तार थरथरली, की वेटोळ्यात वीज निर्माण होते. तेव्हा जोडून वाजवल्याशिवाय घेणे म्हणजे अंधारात नाणे पारखणे. मुलगा आत पाहून घुटमळला. तेवढ्यात आतूनच आवाज आला, "वाजव रे, परत कधी वाजवणार हाय?"

तेव्हा कळले. त्याचे कंत्राट संपले होते. रविवारी तो नांदेडला परत जाणार होता.

त्याने वाजवले. काय वाजवले ते मला सांगता येणार नाही. पण चिरंजीव खाली बसले. आवाजाची कळ फिरवताना खरखर झाली, तेव्हा मुलगा स्वतःहून म्हणाला, "सर, ह्याचे पाचशे कमी द्या." काकांनी झाकण उघडायला लावले, फुंकर मारली, कळ पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवली. खरखर थांबली. "धूळ होती. कमी कशाला?"

मी आठ हजार मोजून दिले. चिरंजीव गिटार पिशवीत घालत होते, तोच मुलगा आत जाऊन लाल दोऱ्यात बांधलेली एक एलन-की घेऊन आला. "मानेत आतून लोखंडी दांडी असते. पावसाळ्यात मान हलली तर ह्यानं पाव फेरा फिरवायचा. जास्त नको, काका." त्याने ती चिरंजीवांच्या हातात न देता काकांच्या हातात दिली.