गाडीचं वय नको, धूर मोजा

सरकारी भाषेत एक शब्दप्रयोग रुळला आहे: 'एंड-ऑफ-लाइफ व्हेईकल', म्हणजे आयुष्य संपलेलं वाहन. दिल्लीत डिझेलची गाडी दहा वर्षांनी आणि पेट्रोलची पंधरा वर्षांनी या वर्गात जाते. ती कशी राखली, वर्षाला किती धावते, हे कोणी विचारत नाही. आरसीवरची तारीख पाहिली की निकाल लागला. माझं भांडण या तारखेशी आहे.

राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांतून आलेली ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केली. हेतूबद्दल वाद नाही. दिल्लीतला नोव्हेंबर ज्याने छातीत भरून घेतला आहे, तो हवेच्या बाजूनेच बोलेल. मीही बोलतो. प्रश्न असा, की हा नियम हवेचं भलं करतो का?

माझी मारुती ८०० मी २००७ साली दिल्लीत घेतली. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. दरवर्षी ऑइल आणि फिल्टर, वेळच्या वेळी टायमिंग बेल्ट, दोनदा क्लचप्लेट, एकदा रेडिएटर. सुटे भाग मी काश्मिरी गेटच्या बाजारातून आणायचो. मिस्त्री ते हातात घेऊन बघायचा आणि कधी सरळ म्हणायचा, "ये डुप्लिकेट है, वापस करो." मी परत करून यायचो. २०२२ मध्ये मुदत संपण्याआधी ना हरकत दाखला घेऊन गाडी इंदूरला भावाकडे नेली. तिथे तपासणी झाली, सहाशेचं नुकतंच पाच हजार झालेलं शुल्क भरलं आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. इंजिन तेच, सायलेन्सर तोच. दिल्लीत जिचं आयुष्य संपणार होतं, तिला इंदुरात नवं मिळालं. मग धूर कुठे गेला? इंदूरकरांना फुप्फुसं नाहीत?

यापेक्षा वाईट गोष्ट गॅरेजमध्ये दिसते. तेराव्या वर्षी मिस्त्री सांगतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, इंजिन ऑइल खातंय. मालक हिशेब करतो: दोन वर्षांसाठी एवढा खर्च कशाला? आणि गाडी तशीच निळा धूर ओकत चालवतो. शेवट आधीच ठरलेला असेल तर निगा राखणारा वेडा ठरतो. जो नियम सांभाळणाऱ्याला आणि हेळसांड करणाऱ्याला एकच शिक्षा देतो, तो हेळसांडच शिकवतो. दर पाच वर्षांनी नवी गाडी घेणाऱ्याला या नियमाची झळही लागत नाही.

जुन्या मानकाची इंजिनं जास्त प्रदूषण करतात, हे खरं आहे. माझी गाडी बीएस-३ आहे. पीयूसी चाचणी तोकडी आहे, हेही खरं: पेट्रोल गाडी उभी ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड सुटून जातात. पण परीक्षा कच्ची असेल तर ती सुधारायची, की ती सोडून जन्मतारखेवर नापास करायचं?

१ जुलै २०२५ पासून दिल्लीतल्या पंपांवर अशा गाड्यांना पेट्रोल नाकारायचं ठरलं आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. त्याच डिसेंबरात न्यायालयाने केवळ वयावरून होणाऱ्या कारवाईपासूनचं संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. त्या निकषावर माझी गाडी बाहेर पडते, आणि तरीही मला तो पंधरा वर्षांच्या रेघेपेक्षा बरा वाटतो. तिथे निदान धुराविषयी काही विचारलेलं आहे.

गंमत अशी, की २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांची गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला मानाची वेगळी नंबरप्लेट मिळते. पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं तिने काढायची कुठे?

माझी मागणी साधी आहे. दहा वर्षांनंतर दरवर्षी गाडी रोलरवर, इंजिनावर भार देऊन तपासा. सगळे वायू मोजा. मीटरवरचे किलोमीटर लिहा. नापास झाली तर दुरुस्तीला एक संधी द्या, पुन्हा नापास झाली तर रस्त्यावरून काढा. इंदूरलाही तोच नियम लावा. माझी मारुती त्यात टिकली नाही तर मी स्वतः तिला भंगारात पोचवून येईन. पण आधी तपासा.