तिकीट म्हणजे परवाना नव्हे

जोगेश्वरीतून साड्या, चादरी, टॉवेल गाठोड्यात बांधून फेरीला निघणारे आपले भाऊ पार बोरिवलीपर्यंत जातात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आदिवासी पाडे आहेत, तिथेही गिऱ्हाईक आहे. फाटकावर तिकीट काढले की आत माल विकायची इजाजत मिळाली, अशी अनेकांची समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. तिकीट फिरायला येणाऱ्यांसाठी असते. गुमास्ता किंवा पालिकेचे फेरीवाला प्रमाणपत्र खिशात असले तरी जंगलात ते चालत नाही, कारण तिथला कायदा वेगळा आहे.

तो कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. पाड्यावर राहण्याची परवानगी असलेल्या माणसाला आत येण्याजाण्यास वेगळा परवाना लागत नाही. त्याला माल विकायला जाणाऱ्याला मात्र लागतो. कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक ज्या कामांसाठी परवाना देऊ शकतात त्यात अभ्यास, फोटोग्राफी, संशोधन आणि पर्यटन आहे. पाचवे काम आपले आहे : आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार करणे. कलम ३५ ने हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानाला लागू केली आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला गाठोडेवाला आठवला होता! आमच्या बाजारात चौघा-पाचजणांना विचारले, एकालाही हे ठाऊक नव्हते.

शूटिंगसाठी पडदे, कपडे पुरवणाऱ्यांनीही निर्मात्याकडे परवाना आहे का, हे आधी पाहावे. २०२२ च्या दुरुस्तीने या कलमात चित्रीकरणाचा स्पष्ट उल्लेख आला, पण अधिवासात काहीही बदल न करण्याच्या अटीवर. गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त होऊ शकते. टेम्पो आपला असतो, निर्मात्याचा नव्हे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची कमाल मर्यादा त्याच दुरुस्तीने २५ हजारांवरून एक लाख झाली.

काही गोष्टींना तर धंद्यासाठी परवाना मागूनही उपयोग नाही. लाकूड, बांबू विकायला बाहेर आणता येत नाही. बकऱ्या चारायला नेता येत नाहीत, मग ईद जवळ असो वा नसो. परवानाधारक वाहन म्हणून वापरतो ते जनावर तेवढे आत जाऊ शकते.

जंगल राखलेच पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही. बिबट्याच्या मुलखात शिस्त हवीच. पण ज्या परवान्याची सोय कायद्यात आहे त्याचा अर्ज, फी आणि मुदत फाटकाजवळच्या फलकावर मराठी व हिंदीत का लिहू नये? सुटाबुटातला निर्माता वकील लावतो. उधारीवर माल उचलणारा फेरीवाला कोणाला विचारणार?

फलक लागेपर्यंत बाजाराच्या संघटनेने एकत्र अर्ज करावा. त्यात फेरीवाल्यांची नावे, माल, पाडा आणि जाण्याचे वार लिहावेत. तोंडी होकारावर कोणी गाठोडे उचलू नये, आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी.