न पडताळलेली प्रत

म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करून तेराव्या शतकात ऋद्धपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभावांची परंपरा सांगते. ग्रंथ मात्र तरला, कारण पंथीयांना तो मुखोद्गत होता. त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. म्हणूनच आज त्याचे अनेक पाठ आढळतात. वरूड-मोर्शीच्या वाटेने गेल्यास हे ऋद्धपूर आमच्या पांढुर्ण्यापासून फारसे दूर नाही.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे संगणक. छिंदवाड्यापासून वेगळा होऊन २०२३ साली पांढुर्णा व सौसर या तहसिलींचा नवा जिल्हा झाला. शाळेचा दाखला, शेताचा खसरा, पेढीचा हिशेब, सारे आता परस्परांना जोडलेल्या संगणकांत जात आहे. जून २०२३ मध्ये भोपाळच्या सातपुडा भवनास आग लागून हजारो फायली भस्मसात झाल्या. २०१२ साली मुंबईच्या मंत्रालयातही तेच घडले होते. तेव्हा कागदापेक्षा संगणक बरा, असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो ‘बॅकअप रोज रात्री आपोआप होतो’ या निर्धास्त वाक्याशी!

होतो म्हणजे नेमके काय होते? ठरल्या वेळी एक संगणक आपल्या फायलींची प्रत जाळ्यावरून दुसऱ्याकडे पाठवतो. मध्येच वीज जाते. कधी पलीकडील डिस्क भरलेली असते. कधी कोणी पासवर्ड बदललेला असतो आणि पलीकडचे दार उघडत नाही. हिशेबाची फाईल रात्रभर उघडी राहिली, तर कित्येकदा नेमकी तीच वगळली जाते. यंत्र या साऱ्याची इमानाने नोंद करते. ती नोंद वाचतो कोण?

हा दोष केवळ लहान गावांचा नव्हे. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या संगणक-तज्ज्ञांचे काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य संगणकावरील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती पुसली गेली. राखीव प्रती शोधू जाता रोजचा बॅकअप निघतच नव्हता, असे आढळले. प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची होती. बिघाडाची सूचना देणारी पत्रेही पोचण्यापूर्वीच नाकारली जात होती. त्याच कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती; तिने लाज राखली. सहा तासांची माहिती मात्र कायमची गेली. कंपनीने हे सारे जाहीरपणे सांगितले, हे आम्हांस विशेष वाटते. आपल्याकडे असे काही घडले की प्रथम कपाटास कुलूप लागते. असो.

बॅकअप बिघडला असता नोंदीतील शेवटची ओळ पाहून घाबरू नये. पहिली चूक शोधावी, कारण पुढल्या शंभर चुका बहुधा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. मग प्रतीची तारीख व आकार पाहावा. कालपर्यंत मोठी असलेली प्रत आज एकाएकी लहान झाली, तर काही तरी मागे राहिले आहे. एक प्रत जाळ्यापासून तोडून निराळ्या इमारतीत ठेवावी. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या प्रतींनाही सोडत नाही.

तरीही खरी परीक्षा एकच : प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहणे. पंथीयांच्या मुखातील लीळा रोजच्या उच्चाराने पडताळल्या जात होत्या. आमची प्रत वर्षानुवर्षे कोणी उघडतही नाही.

म्हणून आमची सूचना अशी : पांढुर्णा-सौसरच्या प्रत्येक शाळेत महिन्यातून एका शनिवारी अकरावीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांदेखत एक प्रत अशी उतरवून मुळाशी ताडून पाहावी. गुणपत्रके मुलांच्या हाती द्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. ग्रंथालयाची यादी पुरे. एखादे पुस्तक जुळले नाही, तर त्याच दिवशी कारण शोधावे. दहावीचे दाखले देण्याची गर्दी उसळेपर्यंत थांबू नये.